होडीवरचं कुंकू

दाजी,

मला भीती वाटतेय. हे आधी तुम्हालाच सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील. हसायचा तर तुम्हीही. पण हसून झालं की तुम्ही पाठीवर हात ठेवून चहा सांगायचा, आणि चहा येईपर्यंत माझी निम्मी भीती उतरलेली असायची. आज तुमच्या नांदेडच्या दुकानाचं शटर वर करून मी एकटाच बसलोय. समोर लाकडी घोडीवर तुमची होडी पालथी ठेवली आहे. उद्या सकाळी तिच्यावर क्लिअरचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, शेवटचा हात मारायचा आहे, आणि तो मी मारायचा आहे.

तुमच्याविषयी बोलणारे पुष्कळ होते. दहाव्याला तुमच्या गावी, देगलूरच्या घरी, ओटा माणसांनी भरला होता. तुमचा जन्म, तुमचं दुकान, तुमचा मोकळा स्वभाव, सगळं सांगून झालं. तुम्ही रंगवलेल्या ट्रॉल्या आणि टेम्पो कुठकुठल्या तालुक्यात फिरतात हेही निघालं. होडीचं मात्र कुणी काढलं नाही. नातवंडं झालेला माणूस कामधंदा सांभाळून खेळण्यातली होडी करत बसतो, हे चारचौघांत सांगायची लोकांना लाज वाटली असेल. मला वाटत नाही. म्हणून होडीचं मी लिहितो.

मी कसा आहे ते तुम्हाला नव्यानं सांगायला नको. तुमच्या बायकोचा, म्हणजे अक्काचा, धाकटा भाऊ, लातूरला औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहून केस पांढरे केलेला. औषधाच्या खोक्यात घडी घालून बारीक अक्षरांची चिठ्ठी ठेवतात, ती छापणारा आणि मी सोडून जगात कुणी वाचत नाही असं तुम्ही सगळ्यांना सांगायचा. "आमचं पाव्हणं जेवायला बसले की भाकरीची बी चिठ्ठी मागतेत," म्हणायचा. सगळे हसायचे, अक्का तर पदर तोंडाला लावून. मीही हसायचो. पण खरं तर मला चिठ्ठी न वाचता काही करताच येत नाही. काय काय होऊ शकतं याची यादी एकदा डोळ्यांखालून गेली, म्हणजे मग मला जरा बरं वाटतं.

क्लिअर घट्ट व्हावा म्हणून त्यात कालवतात त्या हार्डनरच्या डब्यावर काय लिहिलंय ते मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं. श्वासातून आत गेलं तर फुप्फुसाला अपाय. तुम्ही आयुष्यभर तोंडाला नुसता रुमाल बांधून रंग फवारायची गन चालवली. मी लातूरहून तुमच्यासाठी चांगला मास्क आणला, दोन बाजूंना दोन गोल डब्या असलेला. तुम्ही तो नाकाला लावून आरशात पाहिलंत आणि म्हणालात, "ही सोंड लावून बसलो तर गिऱ्हाईक मला नारळ वाहील." मग तो भिंतीवरच्या खिळ्याला गेला. येईन तेव्हा मी आधी त्या खिळ्याकडे बघायचो, मग तुमच्याकडे, आणि आपलं भांडण सुरू व्हायचं. दाजी, मी तुमच्या फुप्फुसाची काळजी करत राहिलो आणि दगा दिला हृदयानं. दुकानात बसल्या बसल्या, हातात चहाचा कप असताना. राखण करायला मी बसलो, तेही भलत्याच दाराशी. मास्क अजून खिळ्यालाच आहे.

होडीची सुरुवात तुमच्या फोननं झाली. कुठल्याशा देशात म्हातारी माणसं तळ्याकाठी खुर्च्या टाकून रिमोटवर होड्या चालवतात, असं काहीतरी तुम्ही मोबाइलवर पाहिलं होतं. "पाव्हणं, आपुन होडी करून राहिलो," तुम्ही म्हणालात. मी विचारलं, कशाला? "कशाला म्हंजे? ट्रॅक्टर रंगवलं, टेम्पो रंगवला, बँडवाल्याचा गाडा रंगवला. होडी तेवढी राहिली ना." पूर्ण झाली की लातूरला आणा, मी म्हटलं. तर तुम्ही म्हणालात, "तुमच्या लातूरला? घागरीत चालवायची का मंग?" त्या दिवशी मी तुमच्यावर खूप चिडलो होतो. लातूरच्या पाण्यावर लातूरकरांनी बोलावं, नांदेडकरांनी नाही.

पाण्याच्या फुटक्या टाक्या जोडणाऱ्याकडून तुम्ही फायबरची चटई आणि रेझिन आणलंत. प्लास्टरचा साचा केलात, होडी त्याला चिकटू नये म्हणून आतून मेण घासलंत. आणि तिथंच आपण दोघं फसलो. होडी साच्यातून निघाली तशी तिच्या अंगावर मेणही निघालं, ते धुवायचं दोघांनाही सुचलं नाही. तुम्ही प्रायमर मारलात. दुसऱ्या दिवशी मी कडेला नख लावून पाहिलं, कारण मी कशालाही नख लावून बघतोच, आणि प्रायमरचा हातभर पापुद्रा माझ्या हातात आला. वाटलं, आता शिव्या बसणार. तुम्ही तो पापुद्रा उजेडात धरलात आणि अक्काला फोन लावलात, "अगं ये, तुझ्या भावानं होडी सोलली बटाट्यावाणी!" चाळीस वर्षं पत्र्यावर रंग मारणारा माणूस, त्याला मेण ठाऊक नव्हतं. पत्र्याला कोण मेण लावतं? तुम्ही हसत हसत सगळं घासून काढलंत, साबणानं धुतलंत, आणि पुन्हा पहिल्यापासून लागलात.

मग बारीक छिद्रं. फायबरमध्ये टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतात, ती प्रायमर मारल्यावरच दिसतात. तुम्ही त्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचा, मी वॉटर पेपरनं घासून गुळगुळीत करायचो, तुम्ही पुन्हा प्रायमर मारायचा, आणि पहिली बुजली की शेजारी दुसरी उघडायची. "अजून आहेत," मी म्हणायचो. "असू द्या की," तुम्ही म्हणायचा. मला त्या छिद्रांची मनापासून भीती वाटायची, की यातूनच पाणी आत शिरणार, आपण काठावर उभे राहून बघत राहणार आणि होडी बुडणार. तुम्हाला नाही वाटायची. तुम्ही एकेक भरत जायचा. मला वाटतं होडी करण्यात तुम्हाला खरी गोडी याचीच होती, पाण्यात सोडण्याची नव्हती.

क्लिअरचा डबा मात्र मी आणला. लातूरला ओळखीचा रंगवाला आहे, त्याच्याकडे चांगला मिळतो म्हणून. तुम्हाला ते एसटीतलं मी सांगितलं होतं का? सांगितलं असतं तर तुम्ही गावभर केलं असतं, म्हणजे नसेलच सांगितलं. पिशवीत डबा, डब्यावर आगीचं लाल चित्र, आणि पिशवी माझ्या मांडीवर. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं विडी काढली तर काय, या धास्तीनं मी सारखा मागे वळून बघत होतो. अहमदपूरला कंडक्टरनं विचारलं, पिशवीत काय आहे? माझ्या तोंडून निघालं, "तूप." तो म्हणाला, "गावरान का?" मी मान हलवली. "किती किलो? मला बी दिता का?" लोहा येईपर्यंत तो माझ्याशी तुपाचा भाव करत होता. नांदेडला उतरलो तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, आता सांगितलं.

मग ती रेघ. होडीला निळा रंग बसला, तो पक्का वाळला, आणि एक दिवस तुम्ही म्हणालात, आज रेघ ओढतो, या. मी रजा टाकून आलो. पट्टी नाही, टेप नाही. केसांचा लांब ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून तुम्ही होडीच्या तोंडापासून सुरुवात केलीत आणि एका दमात मागच्या टोकापर्यंत गेलात. चालत नव्हताच तुम्ही, नुसते सरकत होता. मी श्वास धरला होता आणि तुम्हीही. मागे पोचल्यावर तुम्ही ब्रश उचललात, मोठा श्वास सोडलात आणि म्हणालात, "झाली." नंतर मी पट्टी लावून बघितली. पट्टी लावली म्हणून तुम्ही रागावलात. रेघ सरळ होती. एके ठिकाणी, मधल्या भागात, सुताएवढी खाली आली आहे, तिथं तुम्हाला खोकला आला होता. मला ती जागा सगळ्यांत जास्त आवडते. हेही सांगितलं नव्हतं.

आता उद्याचं. माझी भीती कशाची आहे ते नीट सांगतो.

दसऱ्याला अक्का दरवर्षी दुकानात येते. कॉम्प्रेसर, गन, डबे, ब्रश सगळ्यांना हळद-कुंकू लावते, नारळ फोडते. या दसऱ्याला होडी रंगून, घासून, क्लिअरसाठी तयार उभी होती. अक्कानं तिलाही कुंकू लावलं, तोंडावर, जिथून तुमची रेघ सुरू होते तिथं, जवळजवळ रेघेला लागून. गुळगुळीत रंगावर कोरडं कुंकू ठरत नाही. रंगवाल्याची बायको असल्यानं तिला ते माहीत आहे, म्हणून ती नेहमी कुंकू तेलात कालवते. गाड्यांना तसंच लावते, कारण गाड्यांवर क्लिअर आधीच बसलेला असतो. होडीवर तो बसायचा होता.

मी लगेच म्हणालो, दाजी, तेल आहे, पुसा. तेल असलं की क्लिअर तिथून मागे सरतो आणि गोल गोल खड्डे पडतात. तुमच्याच भाषेत डोळे पडतात. तुम्हीच मला शिकवलं होतं. डोळे पडले की सगळं घासून काढावं लागतं, आणि घासलं की रेघ गेली. तुम्ही अक्काकडे बघितलंत आणि मला म्हणालात, "पुसायचं न्हाई." मी म्हटलं, का पण? "न्हाई म्हणलं ना." अक्का गेल्यावरही मी सोडलं नाही. तुम्ही म्हणालात, "बगू की. क्लिअर मारायला तुमी या. गन तुमीच धरायची." मी? मी कधी गन धरली नाही. तुम्ही म्हणालात, "क्लिअरच्या पयल्या कोटाला भितरा हात लागतोय. माझा हात आता निलाजरा झाला."

रविवारी यायचं ठरलं होतं. तुम्ही त्याच्या आधीच गेलात.

आणि दहाव्याला तुमच्या थोरल्या काकूंनी अक्काच्या कपाळाचं कुंकू पुसलं.

मी दाराशी उभा होतो. आत जायला पुरुषांना मनाई होती, पण दार लोटलेलं होतं आणि फटीतून दिसत होतं. काकूंनी पदराचं टोक पाण्यात भिजवलं आणि अक्काच्या कपाळावरून एकदाच फिरवलं. काकूंचं स्वतःचं कपाळ कित्येक वर्षं कोरं आहे, त्यांना मी वाईट म्हणणार नाही. पण अक्का, जी आयुष्यात कुणाचं ऐकून घेत नाही, तीच अक्का मान वर धरून बसली होती, आई नाक पुसत असताना शाळेतली मुलगी बसते तशी. पुसून झाल्यावर तिच्या कपाळावर कुंकवाच्या जागी फिकट गोल उरला, तेवढ्या जागेला इतक्या वर्षांत ऊन लागलं नव्हतं. मला इतकी भीती वाटली की मी अंगणात जाऊन नळ उघडून हात धुवत उभा राहिलो. कशाची भीती ते मला तेव्हा कळलं नाही.

ते आज दुपारी इथं कळलं. तुमची लेक मुरुडला परत गेली, पाहुणे गेले, आणि नांदेडला परतल्यावर अक्का मला म्हणाली, "सुध्या, तेवढी होडी कर पुरी. डबा उघडून ठेवलाय तेनी." खरंच तुम्ही हार्डनरचं झाकण उघडून पाहिलं होतं, आणि उघडलेला हार्डनर हवा लागून गोठत जातो, फार दिवस थांबत नाही. मी दुकानात आलो, होडीवरची धूळ झटकली, फडकं थिनरमध्ये भिजवलं, पिळलं, आणि सगळी होडी पुसत पुसत तोंडाशी आलो. कुंकवावर फडकं ठेवायला हात उचलला आणि हात तिथंच थांबला. माझा हात, ओलं फडकं, खाली कुंकू. काकूंचा हात असाच होता, दाजी.

फडकं खाली ठेवून मी हे लिहायला बसलो. पुसलं तर तुमची रेघ वाचते. नाही पुसलं तर रेघ जाईल. मी काय करू? तुम्ही "बगू" म्हणाला होता. काय बघणार होता ते सांगितलं नाहीत. तुमच्याकडे काही युक्ती होती, का नुसतं अक्कासमोर बरं दिसावं म्हणून म्हणालात? आयुष्यभर तुम्ही "बगू" म्हणत आलात आणि बघायची वेळ माझ्यावर टाकून गेलात. मला तुमचा राग आलाय, हे लिहून ठेवतो. रागाबरोबर रडूही आलं, तेही लिहितो.

*

मारला.

सगळं क्रमानं सांगतो.

सकाळी वारा नव्हता. तुम्ही करायचा तसं जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली. खिळ्यावरचा मास्क काढला. त्याचे पट्टे अजून नव्यासारखे कडक होते, एकदाही ताणले गेले नव्हते. क्लिअर आणि हार्डनर मापानं कालवले, गाळणीतून गनमध्ये ओतले. ओतल्यावर लक्षात आलं की आता मागे फिरता येत नाही, कालवलेला क्लिअर थोड्या वेळात दगड होतो. कुंकू तसंच होतं. मी थिनरचं फडकं पुन्हा उचललं, कारण रात्रभर विचार करून मी ठरवलं होतं की पुसायचं. रेघ तुमची होती, कुंकू पुन्हा लावता येतं, असं मी स्वतःला पटवलं होतं.

तेवढ्यात शटरच्या उजेडात अक्का उभी दिसली. दसरा सोडून ती कधी दुकानात येत नाही. तिनं माझ्या हातातलं फडकं बघितलं, मग होडीचं तोंड बघितलं.

"पुसून राहिलास?"

"तेल हाय अक्का त्यात. डोळे पडतील. दाजींची रेघ जाईल."

"मग पूस की." तिनं तोंड फिरवलं.

मी फडकं घेऊन तसाच उभा. हात पुढे जाईना. मास्क लावलेला, त्यामुळे माझा श्वास मलाच मोठ्यानं ऐकू येत होता.

"तुझे दाजी काय म्हणले होते?" तिनं तिकडं तोंड करूनच विचारलं.

"पुसायचं न्हाई म्हणले होते."

"कामून?"

"ते न्हाई सांगितलं."

अक्का फिरली. तिच्या कपाळावरचा फिकट गोल आता थोडा मिसळत चाललाय, तुम्हाला सांगतो. "माझं पुसताना मला कुणी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "तू इचारून राहिलास. तर न्हाई पुसायचं."

"रेघ गेली तर?"

"गेली तर गेली." म्हणाली खरी, पण तिथं थांबली नाही, बाहेर पायरीवर जाऊन बसली.

मी फडकं कोपऱ्यात टाकलं.

दाजी, गनचा खटका दाबला तेव्हा मी डोळे मिटले होते, खोटं कशाला बोलू. उघडले तर मी होडीपासून लांब उभा होतो, इतका लांब की नुसतं धुकं तिच्यावर पडत होतं. घाबरून मी मागे सरकलो होतो. थेंब नाही, ओल नाही, जेमतेम चिकटपणा. कुंकवावरून तर हात अजून घाईनं गेला, तापल्या तव्यावरून जातो तसा. थांबलो, वाकून बघितलं. डोळे पडले नव्हते! पातळ धुकं तेलावर बसलं होतं, मागे सरायला त्यात पुरेसं ओलंच काही नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणून भितरा हात हवा होता. तुमचा हात सवयीनं पहिल्याच फेरीत ओला थर टाकून गेला असता आणि कुंकवाभोवती लगेच खड्डे पडले असते. तुम्हाला ते माहीत होतं. युक्ती होती तुमच्याकडे, आणि ती मी होतो. आयुष्यभर ज्या भीतीवर तुम्ही विनोद केलेत तिचा तुम्ही उपयोगही ठरवून ठेवला होता, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. मी मास्कच्या आत हसलो, दाजी. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

तोंडाजवळ मी तसेच धुक्याचे हात मारत राहिलो, मध्ये थांबून, वाळू देऊन. पण शेवटचा थर ओला टाकावाच लागतो, नाहीतर चकाकी येत नाही, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा राहतो. तिथं निलाजरा हात हवा. तो कुठून आणू? मागच्या टोकापासून सुरू केलं. होडी ओली होत गेली, निळा रंग खोल होत गेला, रेघ आतून वर आल्यासारखी दिसू लागली. खोकल्याच्या जागेवरून गेलो. आणि तोंडाशी पोचल्यावर भीतीनं पुन्हा घात केला. हात थबकला, त्या एका क्षणात क्लिअर जास्त पडला, आणि कुंकवाच्या खालच्या बाजूला बघता बघता डोळे उघडले. एक, मग शेजारी दुसरा, मग बारीक बारीक आणखी. एक तर रेघेच्या सुरुवातीलाच.

तुम्ही सांगितलं होतं, डोळा पडला की हात लावायचा नाही. मला हात लावायचा होता. माझी बोटं तिकडं निघाली होती. अजून क्लिअर ओतून ते बुजवावं, फडक्यानं टिपावं, काहीही करावं, असं वाटत होतं. भिणारा माणूस नेहमी आणखी काहीतरी करून ठेवतो. मी गन बंद केली, खाली ठेवली, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि उभा राहिलो. डोळे उघडे राहिले. पसरले नाहीत. ओघळ आला नाही. रेघ जिथून सुरू होते तिथं तेवढा एक खड्डा राहिला, बाकी ती मागच्या टोकापर्यंत अखंड आहे, तुमच्या हातची. हे पहिलं तुम्हाला सांगावंसं वाटलं, म्हणून खिशातून फोन काढला. मग फोन तसाच खिशात ठेवला.

दुपारपर्यंत मी अक्काला आत येऊ दिलं नाही. वास ओसरल्यावर ती आली. होडीसमोर उकिडवी बसली. तिनं रेघ बघितली, डोळे बघितले. मग कुंकवाकडे खूप वेळ बघत राहिली. क्लिअरखाली ते गेल्या पंधरवड्यापेक्षा लाल दिसत होतं, नुकतं लावल्यासारखं. अक्काचं बोट त्याच्याजवळ गेलं. मी ओरडलो, अजून कच्चं आहे! तिनं बोट मागे घेतलं.

"वाळल्यावर पाण्यानं जाईल का रे हे?"

"न्हाई."

"साबणानं?"

"न्हाई अक्का. क्लिअरच्या आत हाय ते आता."

"तुझ्या त्या थिनरनं?"

"न्हाई जात."

तिनं मान हलवली. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाली, "कुणी पुसायलाच आलं तर?"

"पुसून न्हाई निघायचं," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

दाजी, ती उठून घरी गेली, भाकरी टाकते म्हणाली, आणि मी तिच्या पाठीकडे बघत उभा राहिलो. आयुष्यात कुणाला एवढ्या छातीठोकपणे मी काही सांगितलं नव्हतं. डब्यावर तसं लिहिलंय, मी वाचलंय, पुन्हा एकदा वाचलं. पण नुसतं लिहिलेलं वाचून माझा जीव कधी पुरता भांड्यात पडलाय? तुम्ही सांगितलं की पडायचा. तुम्हीच सांगा ना एकदा. नाही ना निघत?